अगदी आणि बऱ्यापैकी

"माझ्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही."

संगणकाच्या पडद्यावर हे वाक्य होतं आणि त्याच्याखाली पाच गोल. अजिबात नाही. फारसं नाही. सांगता येत नाही. बऱ्यापैकी. अगदी पूर्णपणे. यातला एक निवडायचा आणि पुढच्या वाक्याकडे जायचं. खोलीतले बाकीचे उमेदवार भराभर पुढे जात होते. ती मात्र पहिल्याच वाक्यापाशी अडून बसली होती.

तसं अडून बसणं हा तिचा जुनाच गुण. घरात सगळे तिला 'धाकटी' म्हणत आणि तिची पाठ वळली की 'हट्टी'. पण आज हट्ट नव्हता, पेच होता. आपला हात धरणारं कोणी नाही हे आपणच आपल्या तोंडाने कसं सांगायचं? तिला क्रेन चालवायला शिकवणारे बाबासुद्धा स्वतःबद्दल असं कधी बोलले नव्हते, आणि त्यांचा हात धरणारं त्यांच्या डोंगरातल्या खाणीत खरोखरच कोणी नव्हतं.

"पहिलाच पेपर दिसतोय तुमचा..." शेजारून कुजबुज आली.

तिने मान वळवली. बाह्या दुमडलेला शर्ट, कुरळे केस, आणि गालातल्या गालात हसू. त्याच्या पडद्यावर 'धन्यवाद' असं झळकत होतं.

"तुमचं झालं?"

"केव्हाच. सगळ्यांना एकच उत्तर. अगदी पूर्णपणे."

"सगळ्यांना?"

"पुढे एक वाक्य आहे बघा, मी कधीच कोणावर चिडत नाही. त्यालासुद्धा."

"आणि तुम्ही कधीच चिडत नाही?"

"आत्ता तरी नाही," तो म्हणाला, आणि नको तितका वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"तिकडे काय चाललंय?" भरती विभागाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "व्यक्तिमत्त्व चाचणी आहे ही. ज्याने त्याने आपापलंच व्यक्तिमत्त्व वापरायचंय."

तिने घाईघाईने पडद्यात डोकं घातलं. कान गरम झाले होते. त्याच गोंधळात तिने 'सांगता येत नाही' निवडलं, आणि पुढेही तेच निवडत गेली. जिथे अगदीच धीर करायचा तिथे 'बऱ्यापैकी'.

ही जागा तिला हवी होती. नुसती हवी नव्हती, हवीच होती. डोंगरातली दगडाची खाण बंद पडली तेव्हा बाबांची क्रेन गेली आणि तिचीही. परवाना हातात होता, काम नव्हतं. बंदरावर क्रेन चालकाची एक जागा निघाली म्हणून ती ताईकडे शहरात आली होती. हे जमलं नाही तर मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. मामा वाईट नव्हता, दुकानही वाईट नव्हतं. पण जिने उंच केबिनमध्ये बसून भलीमोठी दगडी लादी ओरखडासुद्धा न उमटवता खाली टेकवली होती, तिने आयुष्यभर सुटे पैसे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाला गोळ्या द्यायच्या, हे तिला पटत नव्हतं.

दोन दिवसांनी जिन्यातल्या फळ्यावर निकाल लागला. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'अयोग्य – आत्मविश्वासाचा अभाव.'

"तुम्हीसुद्धा?" मागून आवाज आला. तोच. आज गालातलं हसू जरा उतरलेलं होतं. त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. 'अयोग्य – उत्तरे विश्वसनीय नाहीत.'

"म्हणजे मी कमी बोलले म्हणून गेले," ती म्हणाली.

"आणि मी जास्त बोललो म्हणून."

तिला हसू आलं. मग रागही आला, आणि राग आला की तिचे पाय आपोआप चालायला लागत. ती तडक भरती विभागात शिरली.

"बाई, या चाचणीत बरोबर-चूक उत्तरं नसतात असं सुरुवातीलाच लिहिलं होतं."

"नसतातच," बाई म्हणाल्या.

"मग मी नापास कशी झाले?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नापास नाही. व्यक्तिमत्त्व जरा कमी पडलं."

"मला पुन्हा चाचणी द्यायचीय."

"नियमात बसत नाही."

"नाही बसत असं नियमात कुठे लिहिलंय?"

बाईंनी नियम काढून पाहिले. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मग मी बसते इथे," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. बाईंचं जेवण झालं, फोन झाले, बाहेर ऊन भिंतीवरून खाली उतरलं. ती काही बोलली नाही आणि हललीही नाही. शेवटी बाईच वैतागल्या.

"आत्मविश्वासाचा अभाव म्हणे! बरं, येत्या सोमवारी या. पण मग ज्याला ज्याला हवी त्याला द्यावी लागेल पुन्हा चाचणी. एकट्या तुम्हाला नाही."

"मला हवीय," दारातून आवाज आला.

तो तिथेच उभा होता. बहुधा दुपारपासून. जागा एक, आणि तिने स्वतःच्या हाताने आपला प्रतिस्पर्धी परत आत आणून बसवला होता.

बंदराच्या फाटकापाशी एक चहाची टपरी होती. वारा इतका की कागदी कप हाताने धरून ठेवावे लागत. तिथे दुसऱ्या दिवसापासून दोघांची तयारी सुरू झाली. कोणी कोणाला बोलावलं हे विचारू नका. दोघंही म्हणतात, समोरच्याने.

"तुमच्याकडे सगळे अशीच फुशारकी मारतात का हो?"

"फुशारकी कुठे?" तो समोरच्या बेटावरचा होता आणि तिकडच्या माणसांचा कैवार त्याने लगेच घेतला. "आमच्या बेटावर कोणी म्हणालं ना, एवढा मासा जन्मात कोणी पकडला नाही, की ऐकणाऱ्याला कळतं, मासा बरा असणार. तो मनातल्या मनात निम्मं वजा करतो. सगळ्यांना हिशेब ठाऊक असतो. आता मी नुसतं म्हणालो, बऱ्यापैकी येतं, तर त्याच्यातूनही निम्मं जाणार. मग माझ्याकडे उरलं काय?"

"आमच्याकडे उलटं," ती म्हणाली. "बोलणारा कमी सांगतो आणि ऐकणारा मिळवून घेतो. मी पहिल्यांदा लादी नीट उतरवली तेव्हा बाबा म्हणाले, चालेल. मी आठवडाभर हवेत होते."

"चालेल? एवढंच?"

"चालेल म्हणजे फार झालं."

"मग अप्रतिम असेल तर काय म्हणता?"

"म्हणत नाही काही. मान हलवतो."

तो इतका हसला की त्याचा कप वाऱ्यावर उडाला. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. बिचाऱ्या संगणकाला ना वजा करता येत होतं, ना मिळवता येत होतं.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. ती 'अगदी पूर्णपणे' म्हणायला जायची आणि तिचा आवाज मध्येच विरायचा. तो 'बऱ्यापैकी' म्हणायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा जणू कोणी त्याची चप्पल चोरलीय. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "हे असं नाही व्हायचं. आपलं आपण सांगायचंच नसतं मुळी. दुसऱ्याने सांगायचं असतं. माझं तू सांग."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. त्याला मात्र बरोबर कळलं होतं.

"सांगतो," तो म्हणाला. "माझं तू सांग. पण पुराव्यासकट. पुरावा नसेल तर अगदी पूर्णपणे म्हणायचं नाही... मीसुद्धा."

मग ती वाक्य म्हणायची आणि तो तिच्याबद्दल उत्तर द्यायचा.

"घेतलेलं काम मी अर्ध्यावर सोडत नाही."

"अगदी पूर्णपणे. पुरावा म्हणजे बाईंच्या खोलीतली खुर्ची."

"लहानसहान गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत."

"अगदी पूर्णपणे."

"पुरावा?"

"मी कप नेहमी कडेला ठेवतो. तू बोलता बोलता तो आत सरकवतेस. रोज."

तिने खाली पाहिलं. तिची बोटं त्याच्या कपावरच होती. तिने हात चटकन मांडीवर घेतला आणि समुद्राकडे बघायला लागली... समुद्र होता तिथेच होता, त्यात बघण्यासारखं नवं काही नव्हतं.

"आता माझं," तो म्हणाला. "माझ्याकडून चुका होत नाहीत."

"फारसं नाही. काल चुकीच्या बसमध्ये चढलास."

"चुकीच्या कुठे? तुझीच बस होती ती."

पुढचं वाक्य तिने स्वतःच घाईने म्हटलं, "माझ्यासोबत काम करणाऱ्यांना सुरक्षित वाटतं." आणि मग थांबली. रस्त्याने जाताना तो कायम वाहनांच्या बाजूने चालायचा. ती बाजू बदलायची, तो परत बदलायचा. शब्द न काढता.

"बऱ्यापैकी," ती हळूच म्हणाली.

"आणि मी त्यात मिळवायचं किती?"

"ते ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं."

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले होते. ती ते मागे घेत होती आणि तो बघत होता. "तू हसलीस ना," तो म्हणाला, "की सगळं बंदर उजळून निघतं. जहाजांना दिव्याची गरज उरत नाही."

"यातून किती वजा करू?"

"करून बघ... जमेल तेवढं."

परतताना बसच्या खिडकीशी बसून ती वजाबाकी करत राहिली. निम्मं वजा केलं तरी बरंच उरत होतं. दर वेळी उत्तर वेगळं येत होतं आणि एकही चुकीचं वाटत नव्हतं.

"स्पर्धकाला शिकवतेस?" ताईने कपाळावर हात मारला. "जागा एक आहे ना गं?"

"शिकवत नाही. तो माझं सांगतो, मी त्याचं सांगते."

"अस्सं. याला आमच्या वेळी वेगळं काहीतरी म्हणायचे."

ताईचं बोलणं तिने हसण्यावारी नेलं, पण ते मनात राहिलं. रविवारी निघताना तिने त्याला थांबवलं.

"एक सांगून ठेवते. ती जागा मला हवीय आणि मी ती घेणार आहे. पण तू माझ्यासाठी सोडलीस म्हणून नाही. उद्या मुद्दाम काही कमी केलंस तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर बघेन. रागाने बघेन, पण बघेन."

"मग जीव तोडून करतो," तो म्हणाला.

सोमवारी पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं. माझ्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही. तिने डोळे मिटले आणि शेजारच्या रांगेतल्या कुरळ्या केसांच्या माणसाचा आवाज मनात आणला. पुरावा? खाणीतली ती लादी. वादळाआधी बाबांच्या जागी बसून रिकामी केलेली एक अख्खी मालगाडी. पुरावा होता. भरपूर होता. इतकी वर्षं तो कोणी मागितला नव्हता एवढंच. तिने 'अगदी पूर्णपणे' निवडलं आणि आभाळ कोसळलं नाही. सगळ्याच वाक्यांना मात्र तिने ते दिलं नाही. चिडण्याच्या वाक्यापुढे तिने प्रामाणिकपणे 'फारसं नाही' निवडलं, कारण त्याचा पुरावा तिच्या विरुद्धच होता.

दोघंही पार झाले. मग उरली प्रत्यक्ष क्रेन. जमिनीवर पांढऱ्या रंगाने चौकोन आखला होता आणि त्यात वरून कंटेनर ठेवायचा होता. वारा सुटलेला. त्याने ठेवला तो छान बसला, फक्त टेकताना एक हिसका बसला. तिने खाली सोडताना वाऱ्याची झुळूक जाऊ दिली, हात थांबवला, आणि मग कंटेनर असा टेकवला की खालच्या माणसाला तो टेकला हे बघून कळलं, ऐकून नाही.

जागा तिला मिळाली. तो दुसरा आला आणि त्याला खालचं काम मिळालं. वॉकीटॉकीवरून वरच्या चालकाला दिशा सांगायची. डावीकडे घे, खाली सोड, थांब. वरून दिसत नाही ते खालच्याने सांगायचं.

तिने बाबांना फोन लावला. त्यांनी बातमी दोनदा सांगायला लावली. मग बाबा म्हणाले, "चालेल," आणि आवाज भरला म्हणून फोन आईकडे दिला.

त्याला ती कोठाराच्या भिंतीआड गाठून भिडलीच. "खरं सांग. तो हिसका मुद्दाम दिलास?"

"नाही."

"शपथ?"

"जीव तोडून चालवली. तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस."

बस्स, एवढंच. ना जन्मात कोणी, ना जहाजांचे दिवे. तिने सवयीने वजाबाकीला सुरुवात केली आणि वजा करायला काही सापडलंच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते वाऱ्यावर ढकललं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढे तिची खरी पंचाईत झाली. तो कमी बोलायला लागला. कामावर तर मोजकं बोलावंच लागतं, पण टपरीवरही तेच. "आज कशी झाली शिफ्ट?" तर "बरी." "मी केस कापलेत." तर "छान." आता या 'छान'चं करायचं काय? हे बेटावरचं छान समजून त्यातून वजा करायचं, तर हातात काहीच उरत नव्हतं. डोंगरातलं समजून मिळवायचं, तर आपल्याच मनाचे खेळ असतील अशी धास्ती. जागा हातची गेल्याचं त्याला आता लागत असेल का? तिचा जीव वरखाली व्हायला लागला. आणि ही मुलगी अडून बसणारी होती, तशी दबून बसणारी नव्हती. तिने ठरवलं, आज काम संपलं की विचारायचं. थेट. गोल न निवडता.

त्या दिवशी दुपारी वारा वाढला आणि काम थांबवायचा हुकूम आला. हुक रिकामा होता, वर घेऊन स्थिर केलेला. केबिनमध्ये तिची ती एकटी, पायाखालच्या काचेतून सगळं बंदर दिसत होतं. खाली पिवळ्या शिरस्त्राणातला तो, बोटाएवढा.

वॉकीटॉकी खरखरली.

"क्रेन, ऐकू येतंय?"

"येतंय."

"नियम काय आहे माहितीय ना?"

नियम सगळ्यांना पाठ होता. वॉकीटॉकीवर ऐकलेला प्रत्येक संदेश चालकाने परत म्हणायचा. शब्दाला शब्द. कमी नाही, जास्त नाही. 'थोडं खाली' ऐकून आपल्या मनाने मिळवलं किंवा वजा केलं, तर खालच्या माणसाचा जीव जातो.

"माहितीय," ती म्हणाली.

"मी बाहेर कसं बोलू तेच कळत नाहीये. माझ्या पद्धतीने बोललो तर तू वजा करशील. तुझ्या पद्धतीने बोलायला गेलो, तर हल्ली तुझा चेहराच पडतो." त्याचा श्वास ऐकू येत होता. "म्हणून इथे बोलतोय. इथे कोणी हिशेब करत नाही. संदेश देतोय... घे."

तिने वॉकीटॉकी दोन्ही हातांनी धरली.

"मला तू आवडतेस."

खरखर. वारा. खाली तो हात न हलवता, मान वर करून उभा होता. आवाज बंदरावरच्या सगळ्या वॉकीटॉकींवर जात होता. खालची माणसं एकेक करून थांबत होती आणि वर बघत होती. डोंगरातल्या पोरीने एवढ्या लोकांदेखत काय बोलावं? 'बऱ्यापैकी' जिभेवर येऊन बसलं होतं. ते म्हणणं सोपं होतं, आणि तो आता मिळवायलाही शिकला होता. पण तिने ते गिळलं आणि बटण दाबलं.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरली. मग पर्यवेक्षकांचा जाडाभरडा आवाज आला. "क्रेन, संदेश जसाच्या तसा परत सांगायचा असतो. एका मात्रेचा फरक पडलाय."

"तो फरक बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली. "पुरावा आहे माझ्याकडे."

पर्यवेक्षक खाकरले. "चालेल," ते म्हणाले. "आता खाली या."

ती शिडीने उतरली. वाटेत ती एकदाही थांबली नाही. शेवटच्या पायरीशी तो उभा होता. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा, आज नुसताच. शिरस्त्राण हातात, केस वाऱ्यावर.

"अगदी?" त्याने विचारलं.

तिने काही म्हटलं नाही. मान हलवली.